सतरा नंबरची जोडी

"सतरा नंबरची जोडी तुमचीच होती," असं ती मापवाली मुलगी चष्मा पुसता पुसता म्हणाली, जसं काही खुर्चीवर राहिलेली छत्री तुमचीच ना, असं विचारत होती. "म्हणजे तुम्हीच पूर्वी मत दिलेली. तेव्हा तुम्ही 'जुळतो' लिहिलंय, आणि या वेळी 'जुळत नाही'. पण तुम्ही एकट्या नाही हं. सहा जणांपैकी चौघांचं कुठे ना कुठे असं झालंय." हे बहुधा सांत्वन होतं. ते ऐकून घेताना आपल्याला राग आलाय हे भिंगवालीला आधी कळलंच नाही. नुसते कान गरम झाले, आणि हातातला कागदी पेला आपण चेपतोय आणि चहा मनगटावरून बाहीत शिरतोय एवढंच कळलं. मापवाली काही वाईट नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी ती विद्यापीठातून दोन पेट्या घेऊन आली तेव्हा प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी तिला नाकं मुरडली होती, कारण ती ठसे तपासायला आली नव्हती, ठसे तपासणाऱ्यांना तपासायला आली होती. प्रत्येकाला चाळीस जोड्या: एक धूसर ठसा, गुन्ह्याच्या जागेवरून उचललेला, आणि एक स्वच्छ, शाईत बोट बुडवून घेतलेला. नियम एकच, पण जाचक. आधी फक्त धूसर बघायचा, त्यातल्या खुणा हिरव्या शाईनं नोंदवायच्या, कागद तिच्याकडे द्यायचा, आणि मगच स्वच्छ ठसा हातात मिळायचा. त्यानंतर काही वाढवावंसं वाटलं तर लाल शाई. शिवाय पडद्याखाली बसवलेलं एक यंत्र, जे आपली नजर कुठे जाते, किती वेळ थांबते, परत कुठे येते, ते टिपून घेई. कोण आरोपी, काय गुन्हा, कुणी पाठवलं, काही सांगायचं नाही. भिंगवालीला ते आवडलंही होतं खरं तर. सत्तावीस वर्षं बोटं वाचल्यावर कुणीतरी आपलं वाचन बघतंय, याचं अप्रूप वाटलं होतं. आणि आता ही पोर तिच्यासमोर दोन कागद ठेवत होती, एक तीन आठवड्यांपूर्वीचा, एक अकरा वर्षांपूर्वीचा. जुन्यावरचं नाव, केस नंबर, सह्या, सगळ्यांवर काळी पट्टी ओढलेली. "ओळख पटू नये म्हणून," मापवाली म्हणाली.

ओळख. त्या ठशावरून उजवीकडे खाली एक तिरपा ओरखडा गेला होता, केसासारखा बारीक, काचेवरचा. काळ्या पट्ट्या ओढणाऱ्याला तो ओरखडा ठाऊक नव्हता, तिला होता. तीन आठवड्यांपूर्वी, चाळीस जोड्यांच्या गर्दीत, तिनं तो काचेवरची घाण समजून सोडून दिला होता. मागल्या दाराच्या काचेवरून तिनं स्वतः तो ठसा उचलला होता, कुंचल्यानं काळी पूड फिरवून, श्वास रोखून, चिकटपट्टी लावून. प्लंबरची केस. एका एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला तिच्याच स्वयंपाकघरात कुणीतरी मारलं होतं, आणि एक प्लंबर अकरा वर्षं आत होता, आणि तो आत होता तो या ओरखड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या दीड सेंटिमीटर मळक्या रेषांमुळे. खिशातलं तिचं छोटं भिंग तिनं सवयीनं काढलं (त्यावरूनच सगळे तिला भिंगवाली म्हणत) आणि दोन्ही कागदांवर ठेवलं. जुन्या कागदावर बारा खुणा, एकसारख्या, नीट आकडे घातलेल्या, सुबक. नव्यावर हिरव्या पाच. लाल एकही नाही. आणि पाचातली एक अशी की ती स्वच्छ ठशात बसतच नव्हती: इथे रेष फुटून दोन होत होती, तिथे ती सरळ गेली होती, शहाण्यासारखी. बाकीच्या सात मग तेव्हा कुठून आल्या? मापवालीनं आणखी एक कागद पुढे केला, त्यावर लाल ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा, कोंबडी धुळीत नाचल्यासारख्या. "ही तुमची नजर. आत्ताची. बघा, धूसरवर चौदा मिनिटं. पूर्वीची नजर आमच्याकडे नाही अर्थात." अर्थात. पण पूर्वीची नजर तिच्याकडे होती. ती तिच्या डोक्यात होती आणि आता हळूहळू, गरम डोक्यातही, उलगडत होती. तेव्हा यंत्र नवं आलं होतं, लाखो ठसे पोटात घेतलेलं, धूसर ठसा घातला की सारखे दिसणारे वीस काढून देणारं. कुणी असा विचार केला नव्हता की लाखांतून सर्वांत सारखा निवडून काढलेला ठसा सारखा दिसणारच, त्यासाठीच तर निवडलाय. यादीत पहिला प्लंबर होता, कारण कधीतरी तरुणपणी मारामारीत सापडून त्याची बोटं शाईत बुडाली होती. तपास अधिकारी स्वतः कागद घेऊन आले होते. चहा प्यायले होते. "बाई, माणूस कबूल झाल्यातच जमा आहे, त्या बाईंच्या घरचा नळ महिन्यापूर्वी त्यानंच दुरुस्त केला होता, म्हणतो मागल्या दाराकडे गेलोच नाही. आता तुमचं बोट तेवढं आलं की झालं." आणि त्यांनी स्वच्छ ठसा आधी टेबलावर ठेवला होता. आधी स्वच्छ. तो बघून, त्यातल्या खुणा मनात घेऊन, मग ती धूसर ठशाकडे वळली होती, आणि मळक्या रेषांनी तिला जे हवं ते दाखवलं होतं, अगदी आज्ञाधारकपणे, बारा वेळा.

जिन्यात आल्यावर राग नीट आला. आला तो आधी मापवालीवर. न सांगता आपलंच जुनं काम आपल्यापुढे ठेवायचं, हा कुठला सभ्यपणा? सांगितलं होतं म्हणा. संमतीच्या कागदावर दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात, 'काही नमुने पूर्वीच्या प्रकरणांतील असू शकतात'. ठसे बारकाईनं वाचणारी बाई, बारीक अक्षरं वाचत नाही. मग राग तपास अधिकाऱ्यांवर गेला, त्यांच्या चहावर, 'तेवढं' या शब्दावर. पण ते चार वर्षांपूर्वी वारले होते, आणि मेलेल्या माणसावर किती वेळ रागावणार, तो कुठे उत्तर देतोय. सगळ्यांत जास्त राग त्या आकड्याचा आला. सहा पैकी चार. ही पोर लेख लिहील, त्यात एक तक्ता असेल, तक्त्यात सतरा नंबर हा एक ठिपका असेल, परिषदेत लोक मान डोलावून म्हणतील की निष्कर्ष फार उद्बोधक आहेत, आणि ठिपका मात्र आत बसून अकराव्या वर्षातून बाराव्यात जाईल. तिला एकदम कोर्टातली ती बाई आठवली, प्लंबरची बायको, निकालाच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलेली, मांडीवर डबा. भिंगवाली समोरून जाताना ती उठली नव्हती, ओरडली नव्हती, फक्त म्हणाली होती, "ताई, त्यांच्या त्या बोटाला नळाच्या पान्यानं लहानपणापासून घट्टा आहे. तो दिसला का तुम्हाला?" आणि तिनं काय उत्तर दिलं होतं? तिनं म्हटलं होतं, "ते सगळं बघितलेलं असतं." 'मी बघितलं' असंही नाही. बघितलेलं असतं. कुणी बघितलेलं असतं? सरकारनं? काचेनं?

साहेबांच्या खोलीत ती न विचारता शिरली. साहेब तिच्याहून सात वर्षांनी लहान आणि माणूस मऊ. कुणालाही पाणी दिल्याशिवाय वाईट बातमी देत नसत. "बसा. पाणी घ्या. मला कळलंय. ती मुलगी हुशार आहे, पण तिला नाजूकपणा नाही."

"साहेब, सतरा नंबर ही प्लंबरची केस आहे."

"कागदावर नंबर नाही, नाव नाही. आपण ओळखलं असं धरायचंच नाही."

"मी ओळखलंय."

"तेच म्हणतोय मी, ओळखायचं नव्हतं." त्यांनी पेला तिच्याकडे सरकवला. "हे बघा, संशोधन वेगळं, केस वेगळी."

"बोट तेच आहे."

"बाई, त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे तुमचा अहवाल बरोबरच होता. आता पद्धत बदलतेय. पुढच्या वर्षीपासून आपल्याकडेही आधी धूसर, मग स्वच्छ. तपासवाल्यांना मधे बसूच द्यायचं नाही. यंत्र नुसतं सारखेपण नाही, किती शक्यता आहे तो आकडाही देणार. तुम्हीच शिकवायचं आहे नव्या लोकांना."

"पुढच्या वर्षीपासूनचं बरोबर. आणि मागच्या वर्षांचं?"

"समिती नेमू. एकटी हीच केस का, सगळ्याच बघू. शिस्तीत. तीन-चार महिने लागतील."

"तो आत आहे."

"कोण?" साहेबांनी खरोखरच विचारलं. त्यात काही लबाडी नव्हती, आणि म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिच्याकडे बघून साहेब घाईनं म्हणाले, "आणि दुसरी सही आहेच की. तुम्ही एकट्यानं थोडंच ठरवलंय. दोघांनी स्वतंत्रपणे बघितलंय. उगाच सगळं स्वतःच्या गळ्यात घेऊ नका." हे ते तिच्या भल्यासाठीच म्हणाले. दुसरी सही तिच्या सासऱ्यांची होती.

तेव्हा या शहरात ठसे वाचणारी दोनच माणसं होती (सासरे निवृत्त झाले होते, तरी दुसऱ्या सहीला त्यांनाच बोलावत), आणि दोघं एकाच टेबलावर जेवत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, उलट वर्तमानपत्रात एकदा दोघांचा फोटो आला होता. लग्न होऊन आली तेव्हा ती बारावी झालेली, शिवणाचा क्लास अर्धवट सोडलेली मुलगी होती. नाना, म्हणजे सासरे, रोज रात्रीची जेवणं उरकली की टेबल पुसून ठशांचे कागद पसरत, आणि त्यांच्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्यात काडीचा रस नव्हता. तो रंगाच्या कारखान्यात होता आणि म्हणे, माझ्या बोटांवर दिवसभर रंगच असतो, त्यात रेषा कुठल्या दिसायच्या. ती मात्र बघत बसे. शिवणात बारीक टाका ओळखणारा डोळा होता तिचा. एक दिवस नानांनी भिंग तिच्याकडे दिलं आणि म्हणाले, सांग, भोवरा आहे की शंख. मग परीक्षा, मग नोकरी. ऑफिसात ते तिला 'मॅडम' म्हणत आणि घरी 'अगं', आणि दोन्हीत कधी गल्लत झाली नाही. निदान तिला असंच वाटत आलं होतं. आता घराकडे चालताना, कारण बसमध्ये बसवेनाच, तिला पहिल्यांदा वाटलं की एवढी वर्षं आपण निर्धास्तपणे चालत होतो ते मागून कुणीतरी बघणार आहे म्हणून. हात थोडा सैल पडला तरी नाना बघतील. चौकातल्या दुकानाच्या काचेवर कुणाचीतरी पाची बोटं उमटली होती, चांगली, तेलकट, जाड. तिनं सवयीनं त्यांच्याकडे बघितलं आणि मान फिरवली, जशी ओळखीच्या माणसाची नजर चुकवतात.

नाना खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरून नखं कापत बसले होते. एक्याऐंशी वर्षं, दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, नखकातरही अंदाजानंच चालवायचे. "आज दुपारीच? लाईट गेली का ऑफिसची?"

"नाही. नाना, प्लंबरची केस आठवते? मागल्या दाराची काच."

"न आठवायला काय झालं. तुझी बारा खुणांची आकृती होती. काय सुबक काढली होतीस, मी साहेबांना दाखवली होती."

"आकृती आठवते. ठसा आठवतो का?"

नखकातर थांबली. "काय झालंय?"

तिनं सांगितलं. मापवाली, हिरवी शाई, पाच खुणा, फुटलेली रेष. सांगताना आवाज चढत होता तो तिला ऐकू येत होता, पण खाली आणता येत नव्हता. नाना आधी भडकले. "अकरा वर्षांनी कुणीतरी पोरगी येते, दोन पेट्या उघडते, आणि तू आपल्या सहीवर शंका घेतेस? अठ्ठावीस वर्षं मी काम केलं. एक सही मागे घेतलेली नाही."

"नाना, सहीचं नाही विचारत. तुम्ही ठसा बघितला होता का?"

नाना कापलेली नखं बोटानं कागदाच्या घडीत ढकलत राहिले, एकेक करून. मग म्हणाले, "त्याच्या आदल्या महिन्यात मी तुझा एक कागद परत केला होता. मोटारीच्या दाराचा. आठवतं?" तिला आठवत नव्हतं. "लिहिलं होतं, नववी खूण दिसत नाही, पुन्हा पाहा. तू पुन्हा पाहिलंस, खूण काढून टाकलीस, कागद बरोबर झाला. पण घरी चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. ताट ठेवायचीस आणि आत जायचीस. तुझी सासू तेव्हा अंथरुणाला होती. ती मला विचारायची, काय केलंत हो तिला? चार दिवस या घरात भांड्यांशिवाय कशाचा आवाज नव्हता. मी म्हटलं, काय करायचंय, घर चालवायचं की नवव्या खुणा मोजायच्या. पुढच्या महिन्यात तुझी आकृती आली. इतकी सुबक होती. मी सही केली."

तिला एवढा संताप आला की हसू आलं. एक माणूस अकरा वर्षं आत आहे आणि त्याचं कारण काय, तर एका सुनेनं चार दिवस अबोला धरला होता. हे कुठल्या तक्त्यात बसणार? मापवालीच्या कुठल्या यंत्रात ही नजर उमटणार, ताट ठेवून आत जाणाऱ्या बाईची? "तुम्ही मला तेव्हा सांगायचं होतंत," ती म्हणाली. "रुसते तर रुसू द्यायचं होतंत. मी काय मेले असते का?" आणि लगेच तिला वाटलं, सांगायचं तर आपणही होतं, कधी एकदाही नानांना विचारलं नाही की बघितलंत का, कारण ते बघणार नाहीत हे मनात येणं म्हणजेच त्यांचा अपमान. ते बघतील म्हणून ती, तिनं बघितलंय म्हणून ते. दोघांनी एकमेकांना इतका मान दिला की त्या काचेकडे बघायला कुणी उरलंच नाही. आणि कोर्टात तिनं शपथेवर सांगितलं होतं, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे.

"त्यानं केलंच नाही असं म्हणतेस?" नानांनी विचारलं. आता त्यांचा आवाज ऑफिसातला होता.

"त्यानं केलं की नाही मला काय माहीत. बोट त्याचं नाही, एवढं माहीत आहे. तेवढंच माझं काम होतं."

"हं. दे बघू मला." तिनं पिशवीतून जोडीची प्रत काढून दिली, मापवालीकडून तिनं ती मागून घेतली होती. नानांनी कागद खिडकीशी धरला, जवळ नेला, लांब नेला, भिंग मागितलं, डोळ्याला लावलं. तिला ते बघवेना. "मला धुकं दिसतं," ते शेवटी म्हणाले. "तेव्हा दिसत होतं तर बघितलं नाही." मग जरा वेळानं, "काय लिहायचंय ते लिही. माझं मी लिहीन." ती टेबलावर बसून दोन पानं लिहीत राहिली: आधी स्वच्छ ठसा कसा पाहिला, कुणी काय सांगितलं होतं, बारा कशा झाल्या, पाच कुठल्या. नानांनी वेगळा कागद घेतला आणि नाक टेकेल इतके वाकून, मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहायला लागले. मधेच मान वर करून म्हणाले, "'नीट पाहिला नव्हता' असं लिहू?"

"पाहिलाच नव्हता ना?"

"नव्हता."

"मग 'नीट' कशाला?"

त्यांनी 'नीट' खोडलं. इतक्या हळू खोडलं की पेनचा आवाज येत होता. उरलं ते असं: दुसरी सही माझी आहे. ठसा मी पाहिला नव्हता. त्याखाली सही करताना हात सरकला आणि सही ओळीवरून घसरून तिरपी खाली गेली. ते दुसरा कागद मागत होते, सही चांगली येत नाही म्हणून. तिनं दिला नाही. म्हणाली, "असू दे नाना. ही वाचता येते." आणि जन्मात पहिल्यांदा तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा, आणि तिचा राग तरीही गेला नव्हता. तो तिथेच होता, हाताच्या आत.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना एक प्रत देऊन कामावरून अर्धी रजा घेतली. साहेब म्हणाले, रीतसर मार्ग असतात. ती म्हणाली, तेच शोधायला चाललेय. कोर्टाच्या इमारतीत साक्ष द्यायला ती शेकडो वेळा आली होती, पण नेहमी बाजूच्या दारानं, शिपाई पुढे, खुर्ची तयार. समोरच्या दारानं ती आज पहिल्यांदा आली आणि खिडकी नंबर चारपुढे पाऊण तास उभी राहिली. पुढे एक म्हातारा होता, मुलाची तारीख विचारत होता, आणि कारकून त्याला तिसऱ्यांदा तेच सांगत होता, तिसऱ्यांदा तितक्याच कंटाळ्यानं. मग तिची पाळी आली. कारकुनानं कागद चाळले, न वाचता मोजले, तीन, आणि एक छापील अर्ज तिच्याकडे सरकवला. "बंद्याच्या वतीनं काही दाखल करायचं तर हा भरा. नाव, केस नंबर, तुमचं नाव, नातं."

तिनं नाव भरलं. केस नंबर तिला पाठ होता. नात्याच्या चौकटीशी पेन थांबलं. चौकटीच्या बाजूला छापलं होतं: पत्नी / पती, आई, वडील, मूल, वकील. एकावर खूण करायची.

"यातलं कुणी नाही मी."

"मग कोण? लांबचं आहे का? लांबचं चालतं, खाली लिहा."

"नातेवाईक नाही."

"अहो, मग तुमचा संबंध काय? नातं लिहिल्याशिवाय मला घेता येत नाही. मागे लोक उभे आहेत, ताई."

मागे लोक खरंच उभे होते. तिच्या मानेवर त्यांचा श्वास, त्यांची घाई, त्यांच्या पिशव्या. तिला वाटलं, काय संबंध? अकरा वर्षं त्याच्या बोटाची एकेक रेष तिला नवऱ्याच्या चेहऱ्याहून जास्त पाठ होती. त्याला तिनं फक्त लाकडी कठड्यापलीकडे पाहिलं होतं, दोन दिवस, तेही बाजूनं. त्याचा आवाज तिला ठाऊक नव्हता. चौकटीत जागा थोडी होती. शिवणाच्या काळातल्यासारखं बारीक, घट्ट अक्षर काढून तिनं लिहिलं: माझ्या साक्षीवरून त्याला आत टाकलं. साक्ष चूक होती. आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला.

कारकुनानं सवयीनं शिक्का उचलला, खाली आणला, आणि अधांतरी धरला. त्यानं ती ओळ वाचली, मग बाकीची पानं उलटून पहिल्यापासून वाचायला लागला, ओठ हलवत. शिक्का शाईच्या पॅडच्या कडेला ठेवून दिला. मागून कुणीतरी म्हणालं, काय अडलंय तिथे? कारकुनानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि बाकाकडे बोट दाखवत म्हणाला, "बसा तुम्ही. मला वर विचारावं लागेल. वेळ लागेल."

"लागू दे," ती म्हणाली. आणि खिडकीपाशीच उभी राहिली.